कंदीलांकडची कॉफी

खान युनिस, गाझा
सोमवार, ४ नोव्हेंबर

लुत्फी,

मूठभर कॉफी मला काय भावाने पडली ते आधी सांगतो. ट्रकची बॅटरी गेली, चांगली, जवळजवळ नवी. तिच्या बदल्यात डब्याचा तळ झाकेल एवढी पूड मिळाली आणि तीतही निम्मे भाजलेले चणे. देणारा म्हणाला, "हाज, निदान वास तरी खरा आहे." वेलची इंतिसारने आणली, शेजारणीला अंगावरची लोकरी शाल देऊन, आणि थंडी आता तोंडावर आहे. जळणासाठी तिच्याच कपाटाचं एक दार फोडलं. एवढं करून त्यातला एक घोटही आमच्या घशाखाली गेलेला नाही. भाजून, कुटून सगळी पूड एका म्हातारीच्या पदराआडून कंदील घराण्याकडे पोचती केली. त्यांना ती कुणाकडून आली हे कळता कामा नये.

आईच्या मयतापासून आपण बोललो नाही. "तुमच्या या कॉफीच्या कपांनीच आपल्या लोकांना मागं ठेवलं," हे तुझं शेवटचं वाक्य. ते असू दे. आपल्या बहिणीचं, इंतिसारचं काम आहे म्हणून लिहितोय. फोनवर टंकायला माझी बोटं जाड आहेत, तेव्हा कागदावर लिहून फोटो पाठवतो. दवाखान्याच्या मागच्या भिंतीला नेट मिळतं.

गेल्या आठवड्यात इंतिसारचा मुअय्यद सीमेवरून पिठाची गाडी घेऊन येत होता. गाडी माझी, पीठ मदतवाल्यांचं. वळणावर लोकांनी गाडी घेरली. पोरं फळ्यांना लटकली. मागे कुठेतरी गोळ्या सुटल्या, कुणाच्या ते कुणी सांगत नाही. मुअय्यद घाबरला, त्याने गाडी रेटली आणि यझन कंदील फळीवरून निसटून चाकाखाली गेला. एकोणीस वर्षांचा पोरगा. त्याच्या हाताला पीठसुद्धा लागलं नव्हतं.

कंदीलांचं घर तुला माहीत आहे. भाऊ, चुलते, त्यांची पोरं, सगळे तापट आणि हत्यारबंद. अपघात की खून हा प्रश्न त्यांच्या लेखी नंतरचा. मुअय्यद तेव्हापासून आपल्या गॅरेजच्या तळघरात आहे. तुझ्या परदेशी शिक्षणाच्या वेळी मी ते विकायला काढलं होतं आणि गिऱ्हाईक मिळालं नव्हतं, तेच. वर आता काही उरलेलं नाही, पण तळघराला तडा नाही.

शिवाय रस्ता बंद झालाय तो वेगळाच. कंदील त्या वळणावर बसून आहेत. एकही ड्रायव्हर तिकडून गाडी आणायला तयार नाही. म्हणजे मुअय्यदचा जीव आणि या सगळ्या छावणीची भाकरी एकाच खुंटीला टांगली आहे.

उद्या आम्ही चौघं कंदीलांकडे तह मागायला जातोय. मुअय्यद बापाकडून मुसल्लम घराण्याचा, मी त्याच्या आईचा भाऊ, म्हणून मध्ये पडायला मला जागा आहे. पण तह मागणाऱ्याने समोर ठेवलेला कप मागणं मान्य होईपर्यंत हातात घ्यायचा नसतो. आणि यजमानाच्या घरी कॉफीच नसेल तर न पिता बसायचं कशासमोर? आता बॅटरी का गेली ते कळलं असेल.

रसमी


बुधवार, ६ नोव्हेंबर

लुत्फी,

मिळाला. तह मिळाला.

कसा ते ऐक, देशादेशांच्या सभेत दुभाष्याचं काम करतोस, तुला उपयोगी पडेल. कंदीलांच्या बैठकीच्या तीन भिंती उभ्या आहेत, चौथ्या बाजूला कांबळं. मेलेल्याचा बाप अबू हमदान मधे बसला होता, मुलं मागे उभी. आम्ही सलाम केला. त्यांनी तो घेतला, पण पुटपुटून. मग सून आली आणि आमच्यासमोर जमिनीवर चार कप ठेवून गेली. वास असा सुटला की खोलीतल्या सगळ्यांनी एकदम दुसरीकडे पाहिलं.

आमच्यात सगळ्यांत वडील हाज सुबही. त्यांनी उन्हाळ्यापासून कॉफी पाहिलेली नाही. त्यांचा हात दोनदा कपाकडे गेला आणि दोन्ही वेळा मी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. तिसऱ्यांदा ते माझ्या कानात म्हणाले, "नुसतं धरतो रे, हात गार पडलेत."

मी बोलायला सुरुवात केली. यझनचं नाव घेतलं, त्याच्या आजोबाचं घेतलं, एकदा माझी गाडी वाळूत रुतली तेव्हा त्या आजोबाने बैल आणून ओढली होती तेही सांगितलं. वर ड्रोन घोंघावत होतं. कॉफीवरची वाफ गेली. कॉफी पार थंड झाली की मागणं फेटाळलं समजून उठायचं असतं, हे तुला सांगायला नको.

शेवटी अबू हमदानने तोंड उघडलं. "रसमी, तुझ्या भाच्याची गाडी मला रोज ऐकू येते."

"गाडी बंद आहे, अबू हमदान. तिची बॅटरीसुद्धा काढून टाकली."

"तरी ऐकू येते."

मी मान खाली घातली. मागून त्याचा थोरला म्हणाला, "बाबा, यांना जाऊ दे. बोलून बोलून कोट्यधीश झालेला माणूस आहे हा."

"झालो होतो," मी म्हटलं. "आता तुझ्याच रांगेत पाणी भरतो. तुझी घागर माझ्यापेक्षा मोठी आहे."

एक पोरगं हसलं. मग अबू हमदानने विचारलं, "कुणाच्या चेहऱ्यावर मागतोस? जामीन कोण?"

"माझ्या. पोरगा माझ्या चेहऱ्याखाली आहे. त्याला धक्का लागला तर तो माझ्या तोंडाला लागला. आणि तुझ्या घरच्यांना मुसल्लमांनी काही केलं तरी तेच."

मग तो म्हणाला, "पुढचा चंद्र दिसेपर्यंत. रस्त्यावरून माझी माणसं उठतील. पण पोराने इथं राहायचं नाही. माझ्या बायकोच्या वाटेत तो येता कामा नये. समुद्राकडे पाठव." आणि मग, "प्या. कॉफी प्या."

हाज सुबहींनी एका दमात कप रिकामा केला आणि अल्लाचं नाव नंतर घेतलं. आम्ही निघताना अबू हमदानने मला दारात थांबवलं, म्हणजे दार होतं त्या जागी. "चणे जास्त पडलेत, रसमी," तो म्हणाला. "पुढच्या वेळी हात आवर."

लुत्फी, तुमच्यात काय चुकतं ते मला काल त्या खोलीत कळलं. तुम्ही आधी कॉफी पिता, बिस्किटं खाता, मग मागणं मांडता. मग ते मान्य करायची घाई कुणाला असेल? गाढवाच्या गाडीपासून सात ट्रकांपर्यंत आलो, ते सातही गेले असं धर. पण तीस वर्षांत माझ्या चेहऱ्याखाली आलेला एकही माणूस दगावलेला नाही. ही कमाई कुणाला बाँब टाकून नेता येत नाही. तुमच्या सभेत सांग हवं तर.

आता एकच विचारतो आणि याचं उत्तर लवकर दे. मुअय्यदला तळघरातून काढून समुद्राकाठी तंबूत ठेवायचं आहे. परवा रेडिओवर तुमचं निवेदन वाचून दाखवलं. अरबी तूच केलं असणार; "विनम्रपणे पण ठामपणे" हे आईचं बोलणं, ते तुझ्याशिवाय कुणाला सुचणार? त्यात होतं की किनाऱ्याची पट्टी मदतीसाठी राखलेली आहे, तिथल्या लोकांना सगळ्यांनी सुरक्षित ठेवावं. हे म्हणणारे कोण कोण आहेत? नीट सांग.

रसमी


रविवार, १० नोव्हेंबर

लुत्फी,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. इतक्या वर्षांनी चार ओळी, पण अक्षर अजून तसंच आहे; तूही कागदावर लिहून फोटो काढलास हे इंतिसारच्या लक्षात आलं. माझ्या आलं नव्हतं.

तू लिहितोस: "चौदा देशांनी सही केली आहे. पट्टी नकाशावर आखून सगळ्या पक्षांना कळवली आहे." पुढे तू "तरीही" असा शब्द लिहून खोडला आहेस. असू दे, तू लहानपणापासून असाच. आम्ही कंदीलांकडे चौघं गेलो तर तह झाला. इथं चौदा जणांनी सगळ्यांसमोर नाव घालून शब्द दिलाय, आणि तोही भिकाऱ्यांनी नाही. चौदा चेहरे. मी काल सकाळी मुअय्यदला पोचवला.

इंतिसारने सोपं जाऊ दिलं नाही. तळघराच्या पायऱ्यांवर आडवी बसली.

"काँक्रीटखालून काढून कापडाखाली घालतोस माझ्या पोराला?"

"शब्द दिलाय मी, इंतिसार. इथं राहिला तर उद्या कंदीलांचा कुणीतरी येईल, आणि त्याला दोषही देता येणार नाही."

"तुझा चेहरा काँक्रीटपेक्षा जाड आहे का?"

"माझा एकट्याचा नाही. लुत्फीने लिहिलंय, चौदा जण आहेत."

"लुत्फी," ती म्हणाली आणि उठली. तुझ्या नावाला तिच्याकडे अजून एवढी पत आहे, ते तुला कळावं म्हणून सांगतो.

मुअय्यद मात्र मजेत. बारा-तेरा दिवस अंधारात काढलेला माणूस, बाहेर आल्यावर डोळे चोळत म्हणतो, "मामा, समुद्रावर सुट्टीला पाठवताय, तर पोहायची चड्डी तरी द्या." गाढवगाडीवर बसल्यावर त्याने लगाम हातात घेतला आणि लगेच मला परत दिला. म्हणाला, "नको, तुम्हीच हाका." सगळी वाट पुढे तो एवढंच बोलला की चाकाखाली काही येत नाही ना ते बघत चला.

तिथं तंबूला तंबू लागलेला आहे. एका सुताराच्या कुटुंबाने त्याला कडेला जागा दिली. लोकांना पाणी भरायला, खुंट ठोकायला एक धडधाकट माणूस हवाच असतो. मी निघालो तर म्हणाला, "मामा, आईला सांगा लाटांचा आवाज येतो, झोप लागेल." इंतिसारला सांगितलं. ती म्हणाली, त्याला लहानपणी लाटांची भीती वाटायची.

रसमी


शुक्रवार, १५ नोव्हेंबर

लुत्फी,

रस्ता मोकळा आहे. कंदील शब्दाला जागले. वळणावर आता फक्त त्यांनी बसायला आणलेले दगड आहेत. ट्रक मात्र येत नाहीत. सीमेपलीकडे उभे आहेत म्हणतात, ओळीने, पीठ भरून. आज फाटक उघडेल, उद्या उघडेल.

माझे कान तुला माहीत आहेत. गाडी दोन वळणं पलीकडे असली तरी मी सांगायचो कोणती आहे आणि भरलेली की रिकामी. हे छावणीत कुणीतरी पसरवलं. आता सकाळी मी चौकात जाऊन उभा राहिलो की भोवती माणसं जमतात. "हाज, ऐका. काही येतंय का?" सगळे गप्प होतात. पोरांच्या तोंडावर आया हात ठेवतात. मी ऐकतो. ड्रोन. एक मोटारसायकल. गाढवगाडी, डावं चाक सैल. "येतंय का, हाज?" मी म्हणतो, वारा उलटा आहे. काल एक बाई म्हणाली, "वारा रोजच उलटा कसा हो?" मी तिला काय सांगू? आयुष्यात पहिल्यांदा असं काम करतोय ज्यात माझा कुणाला काही उपयोग नाही, आणि तरी लोक मला ते सोडू देत नाहीत.

अबू हमदानसुद्धा येतो. लांब भिंतीला टेकून उभा राहतो. आम्ही बोलत नाही, रीतच तशी आहे. पण काल जाताना तो मोठ्याने, कुणाला उद्देशून नाही असा म्हणाला, "आमचा पोरगा पिठापायी गेला, आणि आता पीठही नाही."

तुझं उत्तर आलं. युद्ध थांबवायच्या ठरावावरचं मतदान पुढे गेलं, एका शब्दावर अडलंय. "तत्काळ" म्हणायचं की "टिकाऊ". तू रात्र रात्र जागतोस, म्हणतोस. मी थट्टा करत नाही, खरंच विचारतो: तुमच्या त्या खोलीतून कुणाला न पिता उठून जाता येत नाही का? एकाने जरी कप तसाच ठेवला तर यजमानाला झोप लागायची नाही. आमच्याकडे तरी लागत नाही.

तू हेही लिहितोस की तुझ्या हातात काही नाही. माहीत आहे. मी तुला इतकी वर्षं मोठा माणूस समजून रागावत होतो, तेच चुकलं बहुतेक.

मुअय्यदचा निरोप आला, कुणाच्यातरी फोनवरून. सुताराबरोबर तंबूंचे खांब करतो. एका खांबाच्या बदल्यात डाळ मिळते. आईसाठी मूठभर बाजूला ठेवतो म्हणाला. इंतिसारने उलट निरोप धाडला, "तूच खा, आणि कडेला झोपू नकोस, मधे झोप."

रसमी


बुधवार, २० नोव्हेंबर

लुत्फी,

तू कुठूनतरी ऐकलं असशील. तरी घरच्या माणसाकडून कळावं म्हणून लिहितो.

सोमवारी दुपारी मी चौकात होतो, लोक भोवती होते. पश्चिमेकडून आवाज आला. एका पोराने विचारलं, "हाज, कुठं पडला?" मी म्हटलं, समुद्रात, बोटीवरून मारताहेत. घरी आलो तर इंतिसारने तेच विचारलं आणि मी तेच सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि कणीक नव्हती तरी परात पुसत बसली. समुद्रात पडलेल्याचा आवाज असा नसतो. तो सपाट येतो. हा वाळूत पडलेला होता.

संध्याकाळी सुताराचा भाऊ आला. त्यांच्या कुटुंबातले दोघं आणि आपला. कडेच्याच तंबूत होता. कुणी म्हणतं, कुणा माणसाच्या मागावर होते, कुणी म्हणतं चुकून. मी विचारलं नाही. तीस वर्षं लोकांना मी हेच विचारत आलो, कसं झालं, आधी कोण बोललं, हात कुणी उचलला. परवा मला एकही प्रश्न सुचला नाही.

काल मयताला बसलो. खुर्च्या नाहीत, तेलाचे रिकामे डबे उलटे घातले. कॉफीही नाही, पाणी दिलं. माणसं येत होती, "देव तुमची भरपाई करो" म्हणत होती, जात होती. मग सगळ्यांच्या माना वळल्या. वळणावरून अबू हमदान येत होता, मागे त्याची तीन मुलं. सगळ्यांनी हात पुढे धरलेले, तळवे वर, लांबूनच रिकामे दिसावेत असे. तह असताना तो इथं यायला बांधील नव्हता. मुसल्लमांतले दोघं उठायला लागले, मी त्यांना खाली बसवलं.

तो माझ्यासमोर उभा राहिला. "रसमी, आमच्याकडून झालं नाही."

"माहीत आहे."

"माझ्या घरातलं कुणी त्या बाजूला गेलंही नव्हतं. पोरांना विचार."

"अबू हमदान, माहीत आहे मला. बस."

तो बसला. त्याचा थोरला, ज्याने मला कोट्यधीश म्हटलं होतं, तो माझ्याकडे बघेना. मग अबू हमदान म्हणाला, "मी त्याला समुद्राकडे पाठव म्हटलं."

"मी पाठवला," मी म्हटलं.

"मला वाटलं, बायकोच्या नजरेआड राहील." त्याने पाण्याचा पेला घेतला, न पिता हातात धरून ठेवला. "तिला रात्री सांगितलं. सकाळी म्हणाली, त्याच्या आईकडे जाऊन ये."

इंतिसार आत बायकांत होती. रात्री सगळे गेल्यावर बाहेर आली. शाल नाही, म्हणून मी माझा कोट दिला, तो तिने घेतला. मग म्हणाली, "लुत्फीला लिही."

"काय लिहू?"

"त्या चौदा जणांपैकी मयताला कोण येणार आहे ते विचार."

विचारायला सांगितलं म्हणून लिहिलं. तू उत्तर देऊ नकोस, दिलंस तरी मी तिला वाचून दाखवणार नाही. तुझा दोष नाही. तू "तरीही" लिहून खोडलंस ते मी पाहिलं होतं आणि पुढं गेलो. आमच्यात सगळ्यांसमोर नाव घालून बोललेला माणूस त्या बोलण्याला बांधलेला असतो. तुमच्यात नुसतं बोलतात, हे मला कळायला हवं होतं. पण कसं कळणार? मी आयुष्यभर याच चौकात राहिलो.

आज सकाळी लोक पुन्हा बोलवायला आले. "हाज, चला, ऐकायला." गेलो नाही.

रेडिओवर तुमचं नवं निवेदन वाचून दाखवलं. तीव्र चिंता. आवाज कुणा बाईचा होता, शब्द तुझे वाटले नाहीत. दुसऱ्याने केलं असेल तर बरं आहे, तू थोडा झोप.

पुढचा चंद्र अजून दिसायचा आहे. कंदीलांनी तह पाळला. मुअय्यदला आम्ही काल सकाळी पुरलं.

रसमी